आषाढात दर्यात कोण जाता?

बाबांना फोनवर सांगितलं, येत्या १८ जुलैला होडी घेऊन तीन आठवडे बाहेर पडतोय. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "आषाढात दर्यात कोण जाता गो?"

त्यांचं काही चुकत नाही. वेंगुर्ल्यात आषाढ म्हणजे होड्या वाळूवर ओढून, झापांनी शाकारून ठेवायचे दिवस. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते. आणि सरकारचा नियम नव्हता तेव्हाही नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय पाण्यात होडी लोटायची कुणाची टाप नव्हती. बाबांचं सगळं आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आणि एका उलांडीच्या (बाजूला तोलाचं लाकूड बांधलेल्या) होडीवर गेलं. त्यांच्या हिशेबात समुद्राची सुट्टी जुलैत आणि माणसांची कामं ऑक्टोबरात. इथे नेदरलँड्समध्ये बरोबर उलटं. हिवाळाभर बोटी क्रेनने उचलून ठोकळ्यांवर ठेवलेल्या, आणि समुद्र माणसात येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. तेही आला तर.

आमची होडी १९७९ सालची, फायबरची, शिडाची. लांबी आठ मीटर. पाण्याखाली सव्वा मीटर. पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत साडेअकरा मीटर. हे तीन आकडे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण नोव्हेंबरपासून आमच्या घरात जी काही भांडणं झाली ती सगळी या तीन आकड्यांवरून झाली. लांबीवरून बंदराचं भाडं, पाण्याखालच्या भागावरून समुद्र, आणि डोलकाठीवरून पूल. पंधरा मीटरपेक्षा लांब किंवा ताशी वीस किलोमीटरपेक्षा वेगवान बोट असेल तरच इथे परवाना लागतो. आमची दोन्हींत बसत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आम्ही सायकलवाले.

अर्धी होडी आमची आणि अर्धी समोरच्या इमारतीतल्या एका डच आजींची. मे, जून, सप्टेंबर त्यांचा. जुलै, ऑगस्ट आमचा, कारण लेकीची शाळा. नाव आधीच्या मालकाने ठेवलेलं आहे, 'कीफिट'. म्हणजे टिटवी. होडीचं नाव बदलू नये असं इथेही मानतात. बाबांना अर्थ सांगितला तर म्हणाले, "होडयेक टिटवीचा नाव? रात्रीची टिटवी वराडली तर आमी दारात पाय घालत नाय, आणि तू तिच्यात बसान जातस!"

पण टिटवीची दुसरीही एक गोष्ट आहे ना. समुद्राने अंडी नेली म्हणून चिडून चोचीने समुद्र उपसायला निघालेली ती. लहानपणी आजी सांगायची तेव्हा मला ती वेडी वाटायची. आम्ही राहतो ते अल्मेर ज्या जमिनीवर आहे ती १९६८ मध्ये पाण्यातून वर आली. माझं स्वयंपाकघर समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे. गोष्टीतल्या टिटवीला शेवटी गरुडाची मदत लागली. इथल्या लोकांनी आधी पवनचक्क्या, मग वाफेचे आणि मग डिझेलचे पंप लावून चोचीचं काम स्वतःच पुरं केलं. त्यामुळे नाव मला तरी अपशकुनी वाटत नाही.

आता बेत.

पहिला बेत मी नोव्हेंबरात केला होता, बाहेर पाऊस आणि चार वाजता अंधार, अशा दिवसांत. अशा दिवसांत केलेल्या बेतांवर विश्वास ठेवू नये. जमिनीवर नकाशे पसरले आणि लाल लोकरीने देशाला प्रदक्षिणा घातली: अल्मेरहून उत्तरेला फ्रीसलांड, तिथून वाडनझेची बेटं, टेसल, डेन हेल्डर, मग बाहेरच्या समुद्रातून आयमाउडन, स्खेवेनिंगन करत दक्षिणेला झेलांड, आणि आतल्या कालव्यांनी डोर्ड्रेख्त, गौडा, ॲमस्टरडॅम करत घरी. लोकर मोजली तर साडेतीनशे सागरी मैल भरली. टिटवी ताशी पाच मैल चालते. म्हणजे सत्तर तास. एकवीस दिवसांत सत्तर तास, दिवसाला तीन तास वीस मिनिटं. मी कागद नवऱ्यापुढे ठेवला. नवरा साताऱ्याचा, समुद्र त्याने लग्न ठरल्यावर पाहिला. त्याने कागद पाहिला आणि एकच विचारलं, "आणि पूल?"

पुलांचं दुःख आम्ही गेल्या वर्षी भोगलं होतं. इथे एक सुंदर व्यवस्था आहे: दक्षिणेला फ्लिसिंगनपासून ईशान्येला डेल्फझाइलपर्यंत, डोलकाठी न उतरवता देशाच्या पोटातून जाता येतं. उभ्या डोलकाठीचा मार्ग असंच त्याचं नाव. वाटेतला प्रत्येक बुटका पूल तुमच्यासाठी उघडतो. हे बाबांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. "एका होडयेसाठी गाडये थांबतत?" थांबतात. बस थांबते, रुग्णवाहिका असेल तर मात्र आपण थांबतो. पण 'उघडतो' या शब्दात सगळी गोम आहे. कधी उघडतो? शहरांत सकाळी-संध्याकाळी ऑफिसच्या वेळेला बरेच पूल बोटींना उघडतच नाहीत. रेल्वेचे पूल तर दिवसातून ठरलेल्या मोजक्या वेळांना. एक पूल हुकला की पुढचे तीन हुकतात, आणि मग तुम्ही एखाद्या कालव्याच्या काठाला दोर बांधून, लोक सायकलवरून घरी जाताना बघत, चहा पीत बसता. पुलावर लाल दिवा म्हणजे थांबा; लाल-हिरवा एकदम म्हणजे उघडण्याची तयारी; हिरवा म्हणजे चला. आणि दोन लाल, एकावर एक, म्हणजे आज या पुलाचं काम बंद, नांगर टाका आणि स्वयंपाकाला लागा.

ॲमस्टरडॅम रात्री ओलांडावं लागतं. तिथला रेल्वेचा पूल मध्यरात्र उलटल्यावर, गाड्या थांबल्या की, एकदाच उघडतो. संध्याकाळपासून उत्तरेच्या गोदीत बोटी जमायला लागतात, आणि मग रात्री दोनच्या सुमाराला सगळ्यांची वरात निघते. एकामागून एक पूल उघडत जातो, मागचा मिटतो. दोन्ही काठांना झोपलेली घरं. मधेच एखाद्या पुलाच्या फाटकाशी सायकल धरून डुलत उभा असलेला कुणी तरी, पार्टीहून परत निघालेला, आपल्याला हात करतो. लेक डोलकाठीला टेकून झोपून गेली होती. मी सुकाणूवर, नवरा पुढे टॉर्च घेऊन. पंढरीच्या वाटेवर रात्री दिंडी चालावी तसं वाटत होतं, फक्त टाळ नाहीत, डिझेलची धडधड. पहाटे शहराच्या दक्षिणेच्या तळ्यात पोचलो तेव्हा कुणी बोललं नाही, सगळे आडवे झाले. त्या एका रात्रीसाठी मी तो मार्ग पुन्हा करीन. पण एरवी काय झालं? ज्या झेलांडसाठी निघालो होतो त्याच्या दारात, विलेमस्टाडला, नवव्या दिवशी पोचलो, आणि सुट्टी संपत आली म्हणून परत फिरलो. १९५३ च्या पुरानंतर बांधलेला तो ऑस्टरस्खेल्ड खाडीवरचा समुद्र अडवणारा बांध, बासष्ट दारांचा, लेकीला शाळेत शिकवलेला, तो बघायचा राहिला तो राहिलाच. परत येताना मार्करमेर तळ्यात होडीच्या पंख्याला पाणवनस्पती गुंडाळल्या. उन्हाळ्यात उथळ भागात त्यांची जंगलं माजतात. इंजिन बंद, वारा नाही, नवऱ्याला पोहता येत नाही. तोंडात भाजीची सुरी धरून मी खाली गेले. त्या दिवशी मी दोन गोष्टी जाहीर केल्या: पुढच्या वर्षी उत्तरेला, आणि पोहायला शिकल्याशिवाय नवऱ्याला होडीत जागा नाही.

तर लाल लोकर निम्मी कापली. बाहेरचा समुद्र गेला, झेलांड गेलं. उरलं ते असं: अल्मेर, एन्कहाउझन, स्ताफोरन, फ्रीसलांडची तळी, लेउवार्डन, फ्रानेकर, हार्लिंगन, फ्लीलांड, टेसल, डेन ऊफर, घरी. दोनशे मैलांच्या आतच. नकाशाखाली मी पूर्वी 'पोचायची जागा' असा रकाना आखायची. या वेळी त्याशेजारी 'अडकलो तर कुठे' असा एक आखला, आणि वेळ सगळा त्यातच गेला.

एन्कहाउझनला मार्करमेर संपून आयसलमेर लागतं. दोन्ही मिळून पूर्वीचा झाउडरझे समुद्र. मधे स्लाउस आहे, म्हणजे दोन दारांची पाण्याची पेटी; आत शिरायचं, दोर धरायचा, मागचं दार मिटतं, पाणी वर-खाली होतं, पुढचं उघडतं. एन्कहाउझनच्या स्लाउसमध्ये पातळीचा फरक कधी कधी वीतभरही नसतो, त्यामुळे बाबांना व्हिडिओ पाठवला तर ते म्हणाले काही झालंच नाही. पण गंमत खाली आहे: या पेटीच्या खालून मोटारींचा रस्ता जातो. २००३ मध्ये हे बांधलं. तुम्ही डोक्यावर डोलकाठी घेऊन उभे, आणि पायाखालून कुणी तरी दूध आणायला चाललंय.

एन्कहाउझनला एक रात्र मी माझ्यासाठी ठेवलीय. लिन्सखोतन नावाचा माणूस या गावात वाढला. १५८३ ते १५८८ तो गोव्यात आर्चबिशपचा कारकून होता. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेल्या सागरी वाटांची माहिती त्याने टिपून आणली आणि इकडे छापली. मग १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी, आणि १६३७ मध्ये आमच्या वेंगुर्ल्यात वखार. ती पडकी वखार मी शाळेत असताना रोज बघायचे. तिच्या भिंतीतून उंबर उगवलेला, आणि आत जायचं नाही असं घरून बजावलेलं. तिथे कोण राहत होते ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते लोक कुठून निघाले ते बंदर आता माझ्या घरापासून दिवसभराच्या वाटेवर आहे. यातून काही निष्कर्ष काढायचा नाहीये, फक्त धक्क्यावर बसून एक कॉफी प्यायची आहे.

एन्कहाउझन ते स्ताफोरन हा वीसेक किलोमीटरचा पट्टा दिसतो तितका साधा नाही. आयसलमेर अवाढव्य पसरलंय, पण खोली सरासरी चार-पाच मीटर. उथळ पाण्यात लाट लांब होऊ शकत नाही, ती आखूड आणि उभी होते. वारा बोफर्ट या वाऱ्याच्या मापाने पाचच्या वर गेला की टिटवी दोन लाटांवर एकदम आपटते, आणि केबिनमधली भांडी गायला लागतात. हवामान बघायचं, पाचच्या वर असेल तर जायचं नाही, एवढाच आमचा नियम. गेल्या वर्षी तो दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा नवऱ्याचा चेहरा पालकासारखा झाला.

स्ताफोरनच्या स्लाउसमधून आत गेलं की फ्रीसलांड. इथे माझा बेत सैल आहे, मुद्दाम. मार्रेक्रीते म्हणून एक संस्था तळ्यांच्या काठांवर, छोट्या बेटांवर बोटी बांधायच्या जागा राखते. फुकट, एका जागी सलग तीन दिवसांपर्यंत. त्यांची छोटी पताका दरवर्षी विकत घ्यायची आणि डोलकाठीला लावायची, एवढीच अपेक्षा, सक्ती नाही. बंदरात रात्रीचे वीस-पंचवीस युरो जातात. इथे गवतात खुंटाला दोर बांधला की झालं. वीज नाही, नळ नाही, शेजारी गाई. लेकीला हेच सगळ्यात आवडतं, कारण ती बोटीवरून थेट पाण्यात उडी मारते. ती इथल्या शाळेतल्या मुलांसारखी पोहण्याच्या ए, बी, सी तिन्ही परीक्षा पास आहे आणि बापाला ते दिवसातून एकदा तरी ऐकवते.

फ्रीसलांडमध्ये पूल आहेत, पण माणसाळलेले आहेत. काही ठिकाणी तर रस्ताच कालव्याखालून नेलाय, खालामाडामनला तसं आहे. आपण थांबत नाही, मोटारी बुडी मारून पलीकडे निघतात. आणि काही गावांत पुलावरचा माणूस अजून गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून तो तुमच्यासमोर झुलवत सोडतो. त्यात नाणी टाकायची. बोट न थांबवता, चालत्या बोटीतून, झुलत्या बुटात. माझा नेम चांगला आहे, नवऱ्याचा नाही. आमचे दोन युरो एका पुलाखाली अजून आहेत. बाबांना ही गोष्ट पहिल्यांदा पटली. "म्हणजे थय सुद्धा हात पसरूचो लागता," म्हणाले.

लेउवार्डनवरून पश्चिमेला वळलं की फ्रानेकर लागतं, आणि तिथे मी एक पूर्ण दिवस धरलाय. लोकर पिंजणारा आयसे आयसिंगा नावाचा माणूस. त्याने १७७४ ते १७८१ अशी सात वर्षं खपून आपल्या घराच्या छताला ग्रहमाला बसवली. लाकडी चाकं, खिळ्यांचे दाते, लंबक. ती अजून चालते. २०२३ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. ग्रहांचं सोडा, मला त्या छतावरचा चंद्र बघायचा आहे, कारण फ्रानेकरनंतर दोन तासांवर हार्लिंगन, आणि हार्लिंगनला स्लाउसबाहेर पडलं की गोड पाणी संपतं, चंद्राचं राज्य सुरू होतं.

इथून पुढे पूल नाहीत. इथून पुढे पाणीच दार आहे, आणि त्याला विनंती करता येत नाही.

वाडनझे म्हणजे बेटांच्या आणि मुख्य किनाऱ्याच्या मधला भरती-ओहोटीचा उथळ समुद्र. भरतीला सगळीकडे पाणी दिसतं, सुकतीला निम्मा तळ उघडा पडतो आणि वाळूवर सील येऊन झोपतात. हार्लिंगनला पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं. बेटांच्या मागे, जिथे दोन्हीकडून येणारी भरती एकमेकींना भिडते, तिथे गाळ बसून उंचवटा होतो; त्याला वानटाय म्हणतात. सपाट तळाच्या डच होड्या तिथे खुशाल बसतात, लोक उतरून चालतात, जेवतात, सहा तासांनी तरंगतात. टिटवीला खाली सव्वा मीटरचा पाय आहे. ती बसली तर आडवी पडेल. होडीतल्या भागीदार डच आजी म्हणाल्या, एकदा पडली होती, काही झालं नाही, चहा भिंतीवर बसून प्यायलो. मी वानटायवर नकाशात लाल फुली मारली.

आता भरतीचं गणित. इथे प्रत्येक बंदराचा तक्ता मिळतो, मिनिटांसकट. तरी मी हौसेने बाबांची रीत लावून पाहिली. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. भिंतीवर कालनिर्णय असला की दुसरं काही लागत नाही. हार्लिंगनला आकडा अर्थातच साफ चुकला, कारण भरतीची लाट अटलांटिकमधून फिरून, अरुंद वाटांतून इथवर येते तिचा उशीर प्रत्येक बंदरात वेगळा. पण रोज किती सरकतं ते जुळलं. बाबांच्या रीतीने रोज पंचेचाळीस मिनिटं, तक्त्यात पन्नासच्या आसपास. कुठल्या तरी तांडेलाने शेकडो वर्षांपूर्वी बोटांवर केलेला हिशेब, आणि फरक पाच मिनिटांचा.

इथल्यांनाही हा हिशेब सोपा गेला नव्हता. १९३२ मध्ये बत्तीस किलोमीटरचा आफस्लाउटडाइक बांधून झाउडरझे बंद केला, त्याआधी प्रश्न होता की भरती जाईल कुठे? आत जायची वाट मिटली तर ती बाहेर हार्लिंगनला चढेल का, आणि किती? ते काढायला नोबेल मिळालेल्या लोरेन्ट्झना बसवलं. पदार्थविज्ञानातले थोर गृहस्थ, आणि १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षं त्यांच्या समितीने या उथळ वाटांतलं पाणी मोजलं. चढेल म्हणाले, तशी चढली. त्या बांधातल्या एका स्लाउसला त्यांचंच नाव आहे. बाबांना सांगितलं तर त्यांचा प्रश्न होता, "तेका कालनिर्णय नाय गावला?"

फ्लीलांडला जायचा बेत असा: हार्लिंगनहून भरती पूर्ण होता होता सुटायचं, सुकतीच्या पाण्यावर बसून बाहेर जायचं. वीसेक मैल, पाणी सोबत असेल तर साडेतीन तास. चुकलं तर पाण्याविरुद्ध दिवस जातो. बंदराबाहेर पाण्यात एक लांब दगडी बांध आहे, भरतीला तो बुडालेला असतो. म्हणजे आपण ज्या वेळी निघणार नेमक्या त्याच वेळी तो दिसत नाही. खुणेच्या खांबांच्या योग्य बाजूने राहायचं आणि पाणी आडवं ओढतं ते विसरायचं नाही. त्यापुढे दिसणाऱ्या पाण्याकडे बघायचं नाही, फक्त बोया बघायचे. वाळू सरकते तसे बोयेही दरवर्षी इकडचे तिकडे करतात, म्हणून गेल्या वर्षीचा नकाशा म्हणजे गेल्या वर्षीचं पंचांग.

यातली एकच गोष्ट मला खरोखर धास्तीची वाटते. सुकतीचं पाणी वायव्येला, बाहेरच्या समुद्राकडे धावतं. त्याच वेळी वारा वायव्येचा असेल तर पाणी आणि वारा समोरासमोर. हे बाबांना समजावून सांगायला लागलं नाही. मी 'वायव्य' म्हणाले तोच ते म्हणाले, "पाणी आणि वारो एकमेकांच्या अंगार इले काय थय ऱ्हाव नको. पोराक घेवन तर नकोच." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थट्टा नव्हती. म्हणून हार्लिंगनला मी एक नाही, तीन दिवस धरलेत. वारा दक्षिणेचा किंवा पश्चिमेचा, चारपर्यंत, आणि शक्यतो भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते, उधाणाचं नाही. तिन्ही जुळलं नाही तर फ्लीलांड रद्द, आणि लेकीला बेट बघायचंच असेल तर हार्लिंगनहून फेरी सुटते. हे लिहिताना सोपं वाटतंय. तिथे धक्क्यावर शेजारच्या सगळ्या बोटी सुटत असताना आपण बसून राहायचं, ते जमेल का ते तेव्हाच कळेल.

फ्लीलांडला बाहेरच्यांच्या मोटारींना बंदी आहे, आणि भर हंगामात बंदर चक्क भरतं. भरलं की बंद. मग मागे फिरा किंवा तेरस्खेलिंगला जा. म्हणून 'अडकलो तर' रकान्यात तेरस्खेलिंग. तिथे १५९४ चा दीपस्तंभ आहे, आणि डोंगरावर करवंदं असावीत तशी वाळूच्या टेकड्यांत क्रॅनबेरी. आंबटाला आंबट, लोणचं घालून बघायचंय.

परतीच्या वाटेवर टेसल. पूर्वेला जाणारी डच जहाजं टेसलच्या आडोशाला वाऱ्याची वाट बघत पडून असायची. कधी कधी कित्येक आठवडे. त्यांनाही 'अडकलो तर' रकाना होता म्हणायचा. मग डेन ऊफरच्या स्लाउसमधून पुन्हा गोड्या पाण्यात. या स्लाउसचं नाव स्टेफिनचं. हेन्ड्रिक स्टेफिनने १६६७ मध्ये पहिल्यांदा लिहिलं होतं की हा समुद्र बांध घालून तोडता येईल. लोकांनी त्यालाही टिटवीच म्हटलं असणार. बांधावर गेली काही वर्षं दुरुस्तीची कामं चालू आहेत, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी सूचना वाचायच्या, हे मी फ्रिजवर लिहून लावलंय.

खाण्याचं थोडक्यात. दोन शेगड्या, एक छोटा कुकर. भाजणी, मेतकूट, डाळ-तांदूळ, कोकमाच्या आगळाची एक बाटली, लाडू. डेन ऊफरला छोटी करडी कोळंबी मिळते, आपल्या जवळ्याची थोरली बहीण. ती मी सोलणार, कारण सोलायला इथे दुसऱ्या कुणाला संयम नाही. सुकटीवरून मात्र वाद मिटलेला नाही. नवऱ्याचं म्हणणं, आठ मीटरच्या बंद केबिनमध्ये सुकट उघडणं हा कायद्याने गुन्हा असायला हवा.

परवा बाबांचा पुन्हा फोन. कालनिर्णय घेऊनच बसले होते. अष्टमी काढली, म्हणाले त्या दिवशी सूट, भांग असा. मी म्हटलं, बाबा, इथे भांग अष्टमीला येत नाही, दोनेक दिवस उशिरा येतो. पाणी लांबून येतं ना. थोडा वेळ पानं उलटल्याचा आवाज आला. "तुमची भरती लेट, सुकती लेट. आणि तू म्हणतस थयची माणसां टायमाची पक्की." मग दशमीवर बोट ठेवून त्यांनी मला तारीख वाचून दाखवली. मी तक्त्यात पाहिलं. आमच्या तीन दिवसांतला मधला दिवस निघाला.

राहिलेली कामं: इंधनाचा फिल्टर, गॅसची नळी बदलणं, वायरलेसचा माइक मधेच मुका होतो तो बघणं. शनिवारी नवऱ्याची पोहण्याची परीक्षा आहे. इथे ती अंगावर कपडे आणि पायांत बूट घालून द्यावी लागते. लेक प्रेक्षकांत बसून गुण देणार आहे. सुकट मी तीन पिशव्यांत बांधून लाइफजॅकेटांच्या खणात ठेवली आहे, आणि त्याला अजून सांगितलेलं नाही.